गजभिये मॅडमचं मोजमाप

आमच्या डिपार्टमेंटच्या स्कॅनरला मेथीचा वास यायचा.

मी कॉलेजात रुजू झाले त्याच दिवशी सर्टिफिकेटं स्कॅन करायला गेले, तेव्हा तो वास पहिल्यांदा आला. मिस्टरांची विमा कंपनीतली बदली साताऱ्याहून थेट जयपूरला झाली होती. सोडाल्यात भाड्याचं घर मिळालं होतं आणि टोंक रोडवर, चाकसूच्या अलीकडे नव्यानंच निघालेल्या एका खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजात मला गणित शिकवायची नोकरी लागली होती. नवं शतक नुकतंच सुरू झालं होतं आणि तेव्हा टोंक रोडवर शेतं कमी आणि इंजिनिअरिंग कॉलेजं जास्त दिसायला लागली होती. तर मी स्कॅनरचं झाकण उचललं. आत काचेवर तुरीची डाळ पसरलेली.

"अगं बाई," मी म्हणाले आणि पुसायला रुमाल काढला.

मागून कुणीतरी हिंदीत "हाथ मत लगाइए" असं म्हणता म्हणता मध्येच थांबलं. मग आवाज आला, "तुम्ही मराठी आहात का? मंग हात नका लावू. मोजून राहिली मी."

वळून पाहिलं तर ठेंगण्या, सावळ्या, चष्मा डोक्यावर ढकललेल्या एक बाई उभ्या होत्या. एका हातात खडू, दुसऱ्या हातात वाटी. वाटीत मेथीदाणे.

"डाळ मोजताय?"

"डाळ झाली. आता मेथी टाकतो. मेथी कठीण असते, चौकोनी चौकोनी. डाळ सोपी."

त्या शशिकला गजभिये. कॉम्प्युटर विभागात, म्हणजे मला जोडून दिलं होतं त्याच विभागात, इमेज प्रोसेसिंग शिकवायच्या. नागपूरच्या. नवरा रेल्वेत सिग्नल विभागात, त्याच्या बदल्यांबरोबर फिरत फिरत जयपूरला आलेल्या. त्या दिवशी माझी सर्टिफिकेटं राहिली बाजूला आणि मी स्टुलावर बसून डाळीचा धडा घेतला. कॉम्प्युटरला डाळ दिसत नाही, त्या सांगत होत्या. त्याला नुसते बारीक बारीक चौकोन दिसतात आणि प्रत्येक चौकोनाला एक नंबर असतो. काळ्याला शून्य, पांढऱ्याला दोनशे पंचावन्न, मधलं सगळं मधलं. आपण मध्ये कुठंतरी एक रेघ मारायची. रेघेच्या खालचे चौकोन डाळ, वरचे चौकोन काच. रेघ म्हणजे एक नंबरच, त्याला थ्रेशोल्ड म्हणायचं. मग एकमेकांना लागलेले डाळीचे चौकोन जोडत गेलं की एकेक दाणा सुटा होतो, आणि सुटा झाला की त्याची लांबी, रुंदी, क्षेत्रफळ सगळं हातात येतं.

"अन् दोन दाणे चिकटून बसले असले तर?" मी विचारलं.

त्यांना फार आनंद झाला. "आता बोलल्या तुम्ही. सारा अभ्यासक्रम त्याच्यातच आहे."

पडद्यावर त्यांनी दाखवलं. प्रोग्रामनं एका जागी तीन दाण्यांचा मिळून एकच लठ्ठ दाणा मोजला होता. "आधी वेगळं करा, मग मोजा," त्या म्हणाल्या. हे वाक्य पुढं मी इतक्या वेळा ऐकलं की आमच्या घरी मिस्टरसुद्धा धुवायचे कपडे वेगळे काढताना ते म्हणू लागले.

विभागप्रमुख माथुर सर सौम्य गृहस्थ होते, पण स्कॅनरचा विषय निघाला की दुःखी व्हायचे. "मॅडमजी, यह सरकारी नहीं, ट्रस्ट का स्कॅनर है," असं म्हणायचे. मॅडम लगेच काच पुसून द्यायच्या आणि दुसऱ्या दिवशी त्यावर शर्टाची बटणं, पिंपळाची पानं किंवा कॅन्टीनमधले शेव-शेंगदाणे मांडलेले असायचे. शेंगदाण्याचं साल वेगळं आणि दाणा वेगळा ओळखणारा प्रोग्राम ज्या पोरानं लिहिला, त्याला त्यांनी ते शेंगदाणे खायला दिले. एवढंच बक्षीस.

आम्ही एकाच कॉलेज बसनं जायचो. मी सोडाल्याला चढायची, त्या पुढं रेल्वे क्वार्टर्सच्या फाट्यावर. खिडकीची जागा त्यांना लागायची. बस सिग्नलला थांबली की त्यांची नजर कुठंतरी अडकायची. हातगाडीवर रचलेले मटके, तारेवर बसलेले पोपट, शाळेच्या रिक्षात कोंबलेली पोरं. "पाहा न, शिंदेबाई, ते मधलं मडकं. अर्धं झाकलं आहे. त्याले आपण पुरं मडकं म्हणतो. प्रोग्राम नाही म्हणत." मी "हं" म्हणायची. मला सकाळी सात वाजता मडक्याचं एवढं काही वाटत नसे. पण हळूहळू मलाही तशी सवय लागली आणि भाजीवाल्यापुढच्या ढिगातल्या वांग्यांच्या कडा दिसायला लागल्या.

माणसांच्या बाबतीतही त्यांचं तेच. स्टाफरूममध्ये कुणी कुणाविषयी बोलायला लागलं की त्या पेपर तपासता तपासता विचारायच्या, "थांबा. आधी वेगळं करा न. जोशीजी खराब आहेत का जोशीजींचा टाइमटेबल खराब आहे?" बहुतेक वेळा टाइमटेबलच निघायचा. त्यामुळं त्यांच्यासमोर चहाडी करण्यात मजा उरायची नाही आणि चहाडखोर मंडळी व्हरांड्यात जायची.

त्यांचं हिंदी ऐकण्यासारखं होतं. राजस्थानी पोरांच्या अदबीच्या "सा" आणि "हुकुम"च्या मध्ये त्यांचं नागपुरी हिंदी ठाण मांडून बसायचं. "काहे को हडबड करके रहे बे, पहले इमेज तो देखो." पोरं आधी हसायची, मग वर्षाच्या शेवटी तसंच बोलायला लागायची. त्यांची मुलगी अस्मिता अकरावीत होती. ती मात्र पक्की जयपूरची. आईशी मराठीत बोलायला जायची आणि तिसऱ्या शब्दाला घसरायची. "आई, मतलब, ते फाइल माझ्याकडून डिलीट हो गया." मॅडम त्यातल्या भाषेकडं लक्ष देत नसत, फाइलीकडं देत.

एकदा मुरलीपुऱ्याचे एक अग्रवालजी कॉलेजात आले. त्यांचा दगडाचे मणी करण्याचा कारखाना होता. मण्यांची माळ ओवायची तर मणी सारख्या मापाचे लागतात, आणि बाहेरदेशीचं गिऱ्हाईक अर्ध्या मिलिमीटरवरून माळ परत पाठवतं, अशी त्यांची तक्रार. माथुर सरांनी त्यांना मॅडमकडं पाठवलं. मॅडमनी मूठभर मणी ठेवून घेतले आणि आठवड्याच्या आत असा प्रोग्राम लिहिला की फोटो टाकला की प्रत्येक मण्याभोवती हिरवी रेघ आणि शेजारी त्याचं माप. अग्रवालजी खूश. म्हणाले, कारखान्यात येऊन बसवून द्या.

मी सहज सोबत गेले होते. मुरलीपुऱ्याच्या त्या गल्लीत घासण्याच्या चाकांची घरघर, पाण्याचे शिंतोडे आणि सगळीकडं पांढरी माती. टेबलावर मणी पसरले, वर कॅमेरा लावला, फोटो काढला. प्रोग्रामनं सगळ्या मण्यांना बांगड्या ठरवलं. म्हणजे प्रत्येक मण्याच्या मधोमध त्याला एक भोक दिसत होतं.

"इतना बडा छेद?" अग्रवालजी घाबरले. "मैडमजी, हमारे मनके ऐसे नहीं हैं."

मॅडम खाली वाकून मण्यांकडं पाहत राहिल्या. मग वर पाहिलं. डोक्यावर ट्यूबलाइट होती. मणी चकचकीत, प्रत्येकात ट्यूबलाइटची पांढरी रेघ चमकत होती आणि प्रोग्रामच्या दृष्टीनं पांढरं म्हणजे टेबल. कॉलेजात खिडकीच्या उजेडात हे झालं नव्हतं. त्यांनी तिथं काम करणाऱ्या एका बाईला विचारलं, "बहनजी, ओढनी दोगे क्या थोडा टाइम?" त्या बाईनं पदर तोंडाशी धरून हसत अंगावरची पातळ पांढरी ओढणी दिली नाही, पण खुंटीवरची दुसरी काढून दिली. मॅडम खुर्चीवर चढल्या आणि ती ट्यूबलाइटखाली ताणून बांधली. उजेड मऊ झाला, चमक गेली, बांगड्यांचे पुन्हा मणी झाले.

"सॉफ्टवेअर में कपडो भी आवै काईं?" कारखान्यातला म्हातारा कारागीर विचारत होता.

"हमारे में आता है," मॅडम म्हणाल्या.

अग्रवालजींनी निघताना त्यांना एक माळ भेट दिली. चांगल्या माळा सगळ्या गिऱ्हाइकाच्या, म्हणून ही नापास झालेल्या मण्यांची. एकही मणी दुसऱ्याच्या मापाचा नव्हता. मॅडम ती वर्षभर गळ्यात घालून कॉलेजला येत होत्या आणि कुणी विचारलं की माळेतला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान मणी बोटानं दाखवून त्यांतला फरक सांगत.

त्यांच्या यजमानांना मी पहिल्यांदा पाहिलं ते गच्चीवर. जयपूरच्या संक्रांतीला घरात कुणी राहत नाही, सगळं शहर गच्चीवर असतं. आम्ही दोघं गजभियांकडं तिळगूळ द्यायला गेलो, तर खाली दार उघडं आणि वरून आरोळ्या. गजभिये भाऊजी उंचेपुरे, पोट सुटलेले, अनवाणी पायांनी गच्चीभर धावत पतंग उडवत होते. बाजूच्या गच्चीवरच्या पोरांशी त्यांची जुंपली होती. मॅडम एका कोपऱ्यात कॉलेजचा डिजिटल कॅमेरा घेऊन आभाळाचे फोटो काढत होत्या.

"आभाळासारखा बॅकग्राउंड नाही, शिंदेबाई. एकदम साफ. पतंग आपोआप वेगळी होते."

"अन् पाखरं?" भाऊजी मांजा ओढता ओढता म्हणाले. "पाखराले पतंग म्हणीन तुह्यं मशीन."

"पाखराच्या कडा मी वेगळ्या काढल्या आहेत."

"काढ बापा. तेवढ्यात माह्यी कटली." आणि खरंच त्यांचा पतंग डुलत डुलत मालगोदामाच्या दिशेनं गेला. भाऊजींनी दोन्ही हात कमरेवर ठेवून त्याच्याकडं पाहिलं आणि मग आम्हाला म्हणाले, "हिच्याशी बोलत बसलं की असं होते. पंचवीस वर्षं झाली, मी कटूनच राहिलो." मॅडम हसल्या, पण कॅमेरा खाली केला नाही.

त्या उन्हाळ्यात भाऊजींच्या पायाचं निघालं.

त्यांना मधुमेह होता आणि तो जुना होता. सिग्नलचं काम म्हणजे रुळाच्या कडेनं खडीतून मैलोन्मैल चालणं. एक दिवस बुटात खडा गेला. तो खडा घेऊन ते दिवसभर चालले आणि त्यांना कळलंही नाही, कारण मधुमेहानं तळपायाची जाणीवच गेली होती. रात्री मोजा काढला तेव्हा त्याला रक्त लागलेलं. उजव्या अंगठ्याच्या खाली, तळव्याला, एक जखम झाली होती. ती बरी होईना. डॉक्टर ड्रेसिंग करत होते, औषधं देत होते. काही आठवड्यांनी त्यांनी सांगितलं की जंतू अंगठ्याच्या हाडापर्यंत गेल्याची शंका आहे आणि अंगठा काढलेला बरा.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये मॅडमनी खिडकीची जागा घेतली नाही. मडकीही पाहिली नाहीत. कॉलेजच्या गेटाशी उतरताना म्हणाल्या, "डॉक्टर डोळ्यानं पाहते अन् सांगते वाढली. मोजलं का त्यानं?"

मग त्या मोजायला लागल्या. रोज सकाळी ड्रेसिंग बदलताना पायाचा फोटो. जखमेशेजारी पांढऱ्या कागदावर एक रुपयाचं नाणं. नाण्याचं खरं माप माहीत असतं, त्यावरून फोटोतला किती चौकोनांचा एक मिलिमीटर ते कळतं. प्रोग्राम तोच, डाळीचा. फक्त काळ्या-पांढऱ्याऐवजी आता लाली. एका ठरावीक नंबरापेक्षा जो चौकोन लाल, तो जखम. बाकी कातडी. जखम सुटी झाली की तिचं क्षेत्रफळ काढायचं. डिपार्टमेंटच्या कॉम्प्युटरवर त्या मला रोज आलेख दाखवायच्या. रेघ खाली उतरत होती. हळूहळू, पण उतरत होती.

"पाहा. कमी होऊन राहिली न?"

कमी होत होती. मला इतका आनंद व्हायचा की मी फोटोंकडं नीट पाहिलंच नाही. खरं म्हणजे पाहवतही नव्हतं.

आलेखाची प्रत घेऊन त्या डॉक्टरांकडं गेल्या. डॉक्टरांनी ती पाहिली, पायही पाहिला, आणि म्हणाले, "मैडम, ग्राफ बहुत अच्छा है. पर मुझे पैर अच्छा नहीं लग रहा." मॅडमना याचा भयंकर राग आला. बसमध्ये दोन दिवस त्या डॉक्टरांवर बोलत होत्या. अंगठा काढण्याची तारीख त्यांनी पुढं ढकलून घेतली.

नंतरच्या एका दुपारी मी लेक्चर संपवून लॅबमध्ये गेले, तर त्या पडद्यासमोर बसून होत्या. हात माउसवर. पंखा चालू, पोरं जेवायला गेलेली.

"शिंदेबाई, दार लावता का जरा?"

मी दार लावलं.

"आज फोटो टाकला. जखम कालच्याहून मोठी आली. तर माहा हात आपोआप नंबरावर गेला. मी नंबर थोडा वाढवला. जखम लहान झाली." त्या थांबल्या. "मंग मी मांगचं पाह्यलं. मी रोजच वाढवून राहिली होती."

मला क्षणभर समजलं नाही. त्यांनी मागच्या फाइली एकेक उघडून दाखवल्या. पहिल्या दिवशीची लालीची रेघ आणि आजची रेघ यांत खूप अंतर पडलं होतं. रेघ वर गेली की कमी चौकोन जखमेत मोडतात. जखमेच्या कडेचा फिकट, पिवळट भाग प्रोग्राम आता कातडीत धरत होता.

"एक दिवस ढगाळ होतं, म्हणून वाढवला. एक दिवस पहाटेच लाइट गेले, मेणबत्तीत फोटो काढला, म्हणून वाढवला. प्रत्येक वेळी कारण खरं होतं हो. पण वाढवायचं कारण मले रोज भेटे, अन् कमी करायचं एकदाही भेटलं नाही."

मी म्हणाले, "तुम्ही मुद्दाम नाही केलंत."

"मुद्दाम केलं असतं तर बरं होतं. आठवण तरी राहिली असती."

त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. त्यांनी चष्मा डोक्यावरून खाली घेतला, पुसला आणि मला म्हणाल्या, "बसा इथं." त्यांनी सगळे फोटो एका नव्या फोल्डरमध्ये टाकले, तारखा काढून टाकल्या, पत्ते पिसावेत तसा त्यांचा क्रम बदलला. मग उठून खिडकीशी जाऊन पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. "आता तुम्ही माउसनं प्रत्येक जखमेची कड काढा. तुम्हाले जशी दिसते तशी. मले दाखवू नका, विचारू नका."

मी गणिताची बाई. जखमांची सवय नाही. पहिले दोन फोटो दोनदा उघडून बंद केले. मग हात बसला. कुठला फोटो आधीचा, कुठला नंतरचा, मला ठाऊक नव्हतं, त्यामुळं काय यायला हवं तेही ठाऊक नव्हतं. दिसेल ती कड काढत गेले. मधल्या वेळात पोरं जेवून परत आली, दारावर टकटक करून गेली. संपल्यावर त्यांनी येऊन तारखा परत लावल्या आणि बटण दाबलं.

आलेखाची रेघ वर चढत होती. फार नाही, पण पहिल्यापासून शेवटपर्यंत चढतच होती.

त्यांनी कॉम्प्युटर बंद केला. मग उठून पर्स खांद्याला लावली. "माथुर सरांना सांगा, माझा शेवटचा तास कुणाला तरी द्या. मी घरी जाते."

"मी येते सोबत."

घरी भाऊजी पाय उशीवर ठेवून भुईमुगाच्या शेंगा सोलत बसले होते. मॅडमनी चप्पल काढली न काढली आणि उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. नंबर, ढग, मेणबत्ती, सगळं. डॉक्टर बरोबर होते आणि मी चुकली, असं स्पष्ट शब्दांत सांगितलं. अस्मिता स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

भाऊजींनी हातातली शेंग पूर्ण सोलली, दाणे वाटीत टाकले. "म्हणजे तू मले कॉम्प्युटरमधी बरा करून टाकलं होतं."

"हो."

"चांगलं होतं न पण तितके दिवस. रोज सकाळी तू म्हणे कमी झाली, तर मी दोन पोळ्या जास्त खात होतो." मग त्यांनी वाटी बाजूला ठेवली. पायाकडं पाहिलं. "जाऊ दे. पायाचाच अंगठा आहे. सही करायचा असता तर गोष्ट वेगळी."

"बाबा, तुम्ही तर साइन पेन से करता," अस्मिता रडत रडत म्हणाली आणि त्यावर तिघंही हसले. मॅडम हसता हसता खाली बसल्या आणि मग मात्र रडल्या. मी स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकला.

ऑपरेशन त्याच आठवड्यात झालं. अंगठा गेला, पाऊल वाचलं. डॉक्टर म्हणाले, आणखी थांबला असतात तर घोट्यापर्यंत कापावं लागलं असतं. मॅडमनी त्यांची माफी मागितली. डॉक्टर उमदे होते. माफीचं राहू द्या, म्हणाले, पण ते फोटो काढणं बंद करू नका, नव्या जखमेचे मला हवेत.

त्यांनी प्रोग्राम नव्यानं लिहिला. या वेळी नंबर माणसाच्या हातात ठेवलाच नाही. फोटोतला पांढरा कागद पाहून उजेड किती ते प्रोग्रामच ठरवायचा आणि लालीची रेघही तोच मारायचा. ती हलवायला पडद्यावर कुठं जागाच नव्हती. "माह्यावर माहा भरोसा नाही," त्या सगळ्यांना सांगायच्या, आणि ते सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर खट्टूपणा नसायचा.

भाऊजींना चालण्याच्या कामावरून काढून ऑफिसात बसवलं. तिथं ते सुरुवातीला फार कंटाळले, मग कॅन्टीनची व्यवस्था त्यांनी हातात घेतली आणि कंटाळा गेला. जखम भरत होती. आलेख कधी खाली यायचा, कधी दोन दिवस तिथंच अडून बसायचा. अडला तर मॅडम अडला म्हणून सांगायच्या.

दिवाळीनंतर एका सकाळी त्या बसमध्ये चढल्या त्या मोठी पुडकी घेऊन. सगळ्या बसला घमघमाट. डिपार्टमेंटमध्ये पोचल्यावर त्यांनी प्रत्येकाच्या टेबलावर कांद्याची गरम कचोरी ठेवली, अगदी शिपायापासून माथुर सरांपर्यंत. सरांनी विचारलं, "मॅडमजी, किस खुशी में?"

त्यांनी एक छापलेला कागद पुढं केला. त्यावर भाऊजींच्या तळव्याचा फोटो होता, शेजारी रुपयाचं नाणं, आणि खाली प्रोग्रामनं छापलेली इंग्रजी ओळ, की चित्रात मोजण्यासारखी एकही वस्तू सापडली नाही.

माथुर सरांनी ती ओळ दोनदा वाचली. "यानी एरर आया?"

"हां सर. एरर आया," मॅडम म्हणाल्या आणि त्यांना दुसरी कचोरी वाढली.

पुढच्या वर्षी त्यांनी पहिल्याच तासाला ही गोष्ट सांगितली. मी शेजारच्या वर्गात होते, मधली भिंत पातळ होती, त्यामुळं ऐकू आलं. पोरांना आधी डाळ, मग मेथी, मग मणी. आणि मग त्या म्हणाल्या, "मैंने अपने पति का घाव कंप्यूटर में ठीक किया था. पैर में वो बढ़के रहा था." माझ्या वर्गातली पोरंही भिंतीकडं पाहायला लागली. मी फळ्याकडं तोंड करून एक समीकरण उगाच लांबवत राहिले. त्यांनी त्या फोटोंचं प्रात्यक्षिकच करून टाकलं होतं. दोघादोघांच्या जोड्या, एकानं फोटो पिसायचे, दुसऱ्यानं कड काढायची. पोरं ते काम इतक्या मन लावून करायची की घंटा झाली तरी उठत नसत. जखमेचे फोटो वापरायला भाऊजींची हरकत नव्हती. उलट ते विचारायचे, "या वर्षी माह्या पायावर किती पोरं पास झाली?"

आमची बदली आली. चार-पाच वर्षांत जयपूर अंगात मुरलं होतं. शेवटच्या आठवड्यात गजभियांकडं जेवायला गेलो. भाऊजींनी स्वतः सावजी मसाल्याची आमटी केली, आमच्या डोळ्यांत पाणी आलं, ते मसाल्याचं की कशाचं ते वेगळं करता आलं नाही. निरोप तिथंच झाला. पत्ते दिले-घेतले, मॅडमनी माझा हात धरून ठेवला, ओटी भरली.

पण मला त्या आठवतात त्या निरोपाच्या नाहीत, त्यानंतर दोन दिवसांनी दिसलेल्या. सामानाचा ट्रक पुढं गेला होता आणि आम्ही रिक्षानं स्टेशनकडं निघालो होतो. सोडाल्याच्या चौकात सिग्नल लाल होता. नेहमीची गर्दी, उसाच्या रसाची गाडी, भर रस्त्यात बसलेली गाय. आमच्या डाव्या बाजूला एक जुनी स्कूटर येऊन थांबली. चालवत होते गजभिये भाऊजी, उजव्या पायात पुढून रुंद शिवून घेतलेली चामड्याची सँडल. मागं मॅडम, आणि त्यांच्या मांडीवर, फुलाफुलांच्या चादरीत गुंडाळलेला, जुन्या पद्धतीचा भला मोठा कॉम्प्युटरचा मॉनिटर. कॉलेजनं जुने काढून टाकले त्यातला एक त्यांनी अस्मितासाठी घेतला होता. मॅडमनी त्याला दोन्ही हातांनी मिठी मारली होती आणि हनुवटी वर टेकवली होती. माकडीण पिल्लू धरते तशी.

दोघांचं भांडण चालू होतं.

"अजमेर रोडनं घेऊ या म्हटलं होतं मी."

"अजमेर रोडले खड्डे आहेत. तुही टीव्ही फुटीन."

"टीव्ही नाही हो तो."

"मॅडम," मी रिक्षातून हाक मारली.

त्यांनी मान वळवली. मला पाहून त्यांचा सगळा चेहरा उजळला. हात हलवायला त्यांनी उजवा हात किंचित सोडला, मॉनिटर घसरला, लगेच पुन्हा घट्ट धरला. "शिंदेबाई, हात मोकळा नाही हो," त्या ओरडल्या. भाऊजींनी वाकून आमच्या मिस्टरांना सलाम ठोकला, त्यात स्कूटर हलली, मॅडम "पाहा न समोर" म्हणाल्या, आणि सिग्नल हिरवा झाला.

आमचा रिक्षावाला मुद्दाम हळू निघाला. स्कूटर फटफट करत पुढं गेली, गायीला वळसा घालून उसाच्या गाडीजवळून वळली. मॅडमना मागं वळून पाहता येत नव्हतं. म्हणून त्यांनी तशीच, मॉनिटरवर टेकलेली हनुवटी उचलून, पाठमोरी मान जोरजोरात हलवली. स्कूटर दिसेनाशी होईपर्यंत ती हलतच होती.